नवरीच्या मागे उभा मामा

मुलीच्या लग्नाच्या अल्बमचे शेवटचे पान उलटले. रुपीबाईंनी पाने पुन्हा मागे नेली आणि मंगलाष्टकांच्या मोठ्या फोटोवर त्यांचे बोट थांबले.

मित्रांनो, मी एक जुनी झूम लेन्स आहे. पुसदच्या एका फोटो स्टुडिओच्या काउंटरवर पडून मी हे पाहत होते.

माझे सारे अंग प्लास्टिकचे. कमी पैशांत दूरचे जवळ आणावे, एवढ्याचसाठी मला घडवले गेले. स्टुडिओचा मालक संघर्ष कॉलेजात असताना त्याने मला आणले. पूस नदीवरचा खंड्या, मैदानावरची कबड्डी, बाजारातली भांडणे. माझ्यातूनच तो पाहायला शिकला. लोक म्हणत, "पोराची नजर भारी हाये." नजर माझी होती, कौतुक त्याचे झाले.

मग ती नवी लेन्स आली. धातूची, वजनदार, रुंद काचेची. मोठ्या फोटोग्राफरांच्या गळ्यात शोभणारी. मी खोटे बोलणार नाही. उजेड मावळला की माझी नजर चाचपडते, घरघरत पुढे-मागे सरकते आणि भलतीकडेच स्थिरावते. तिचे तसे होत नाही. तरीही मला तिचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. ती एकावर डोळा रोखते आणि उरलेले जग वितळवून टाकते. याला ही माणसे सौंदर्य म्हणतात! तिला दिव्याचे कोरडे कपाट मिळाले, मला ओलसर खण. तिथे माझ्या काचेवर बुरशीने जाळे विणले. संघर्षच्या धाकट्या बहिणीने, प्रियंकाने, मला बाहेर काढले, साफ केले आणि आपलेसे केले.

यंदाच्या वैशाखात रुपीबाईंच्या मुलीचे लग्न तांड्यावर लागले. संघर्षच्या हाती ती होती, प्रियंकाच्या हाती मी. गोरज मुहूर्त. मंगलाष्टके सुरू झाली तरी नवरीच्या मागची मामाची जागा रिकामीच. रुपीबाईंच्या भावाने, उकंडाने, बहिणीशी कित्येक वर्षे अबोला धरला होता. शेवटच्या मंगलाष्टकाला तो आला. भाचीच्या दोन पावले मागे उभा राहिला, अक्षता टाकल्या आणि बहिणीशी न बोलता, न जेवता निघून गेला.

"माहा भाऊ कुठी हाय?" अल्बमवरचे बोट न उचलता रुपीबाईंनी विचारले.

संघर्षने नवरीमागच्या सोनेरी धुक्यावर बोट ठेवले. "हा काय, मावशी. मागचं ब्लरच ठेवा लागते. नवरी कशी उठून दिसून राह्यली, पाहा."

"हे तर वाफ हाय, बाबू. माह्या भावाले तोंड नाही काय?"

"मामाले पाहाले कोण अल्बम बनवते, मावशी?" तो हसला. एकटाच.

"माह्या फोटोत होता मामा," प्रियंका म्हणाली. "लेन्स नवरीवर बसलीच नाही, मागं मामावर जाऊन बसली. नवरी धूसर आली, मामा साफ. डोळे पुसत होता."

रुपीबाई उठून उभ्या राहिल्या. "मंग दे नं माय मले थो फोटो!"

"दादानं डिलीट केला."

"बादच होता तो!" संघर्ष उसळला. "असे फोटो गिऱ्हाइकाले देऊन नाव बुडवू काय? हा डब्बा लग्नात आणू नको म्हणून कितीदा सांगतलं तुले!"

"डब्ब्यानंच पाह्यलं पण. तुह्या महागाच्या लेन्सले मामा दिसला काय?"

मित्रांनो, आम्हांला कोरड्या जागी ठेवा, मऊ कापडाने पुसा. अंधारात तिचे काम माझ्याकडून मागू नका, आणि तिच्या दिमाखाला भुलून मला खणात कोंडू नका. पण त्याहून कळकळीचे मागणे एकच आहे. कोणाचाही फोटो बाद ठरवण्याआधी तो ज्याचा आहे त्याला एकदा दाखवा. काचेवरची बुरशी निदान काढता येते; पुसलेला फोटो परत काढता येत नाही.

संघर्षचा आवाज जरा नरमला. "असं करू, मावशी. मामाले एक दिवस घेऊन या, नवरीलेही बोलवा. मागं उभं करून पुन्हा काढू. फुकटात."

रुपीबाईंनी अल्बम मिटला आणि काउंटरवरून त्याच्याकडे सरकवला. डोक्यावरची ओढणी सारखी करून त्या पायरी उतरल्या.

"मंग कधी आणता मामाले?" संघर्षने मागून विचारले.

त्यांनी मान वळवली नाही. उन्हातून त्या बसस्टँडकडे चालत राहिल्या.