सहा पायांची टाकी

पाणीपुरवठा खात्यात एकोणीस वर्षं नकाशे काढत असलेल्या बाईंना ऑफिसात सगळे नकाशेबाईच म्हणत. कुठल्या गल्लीखालून केवढ्या जाडीची पाइपलाइन गेलीय, कुठला व्हॉल्व्ह गंजून बसलाय, हे ती कागद न उघडता सांगायची. नकाशाखाली सही मात्र इंजिनिअरची. तिचं नाव कोपऱ्यात, ‘आरेखन’ या शब्दापुढे, भिंग लावून वाचावं लागेल एवढं बारीक.

युद्ध पेटलं ते फार लांब, दोन समुद्रांपलीकडे. सुरुवातीला ती त्या बातम्यांपासून चार हात लांबच राहिली. नवऱ्याला मात्र त्याचं वेडच लागलं होतं. त्याचं चष्म्याचं दुकान. गिऱ्हाइकाला समोरची अक्षरं वाचायला बसवून हा मोबाइलवर रणगाडे बघायचा. जेवतानाही तेच. सासूबाई म्हणायच्या, आधी तोंडातला घास गिळ, मग शहरं घे.

तिला त्यात ओढलं ते आवक-जावक बघणाऱ्या मैत्रिणीनं. तिनं एका ग्रुपची लिंक पाठवली. देशोदेशीचे हजारो लोक तिथे जमत आणि युद्धातले फोटो, व्हिडिओ नेमके कुठले आहेत ते शोधून काढत. कुणी डोंगराच्या रेषेवरून ओळखायचं, कुणी दुकानाच्या पाटीवरून. नकाशेबाईला ते शब्दकोड्यासारखं वाटलं. ग्रुपमध्ये ‘नकाशेबाई’ हेच नाव घेऊन डबा खाताखाता तिनं दोन-तीन सोडवलीही. एकदा तर पडलेल्या दवाखान्याचा फोटो दुसऱ्याच देशातला जुना आहे, असं कुणीतरी पसरवत होतं. तिनं रस्त्यावरच्या चेंबरच्या झाकणांची ओळ दाखवून तो कालचाच आणि तिथलाच आहे हे सिद्ध केलं. त्या दिवशी तिला वाटलं, आपण खऱ्याच्या बाजूनं काहीतरी केलं. अंगावर मूठभर मांस चढलं.

मग तो व्हिडिओ आला. सतरा सेकंदांचा. एका आवारात सात-आठ शिपाई निवांत बसलेले. नळापाशी उभा राहून एक जण दाढी करत होता. वय चाळिशीचं, टक्कल पडत आलेलं, अर्ध्या गालावर फेस. व्हिडिओ काढणारा काहीतरी बोलला तसा तो हसला आणि त्यानं फेस कॅमेऱ्याकडे उडवला. बस, एवढंच. शिपाई ज्या बाजूचे होते ती बाजू ग्रुपमधल्या कुणालाच आवडत नव्हती. तिलाही नाही. ‘हे कुठे लपलेत?’ असं वर लिहिलं होतं आणि दोन दिवस कुणाला उत्तर सापडत नव्हतं.

नकाशेबाईची नजर माणसांवर नव्हतीच. मागे पाण्याची टाकी होती, सहा पायांची. खाली येणारा पाइप मधून न येता बाहेरच्या बाजूनं आलेला. अशा टाक्या तिनं आयुष्यात कितीतरी काढल्या होत्या. सहा पाय म्हणजे टाकी लहान, गाव त्याहून लहान. तिनं उपग्रहाचा नकाशा उघडला, नदीकाठचं पंपघर शोधलं आणि तिथून शेतांतून जाणारा फिकट पट्टा धरला. पाइप पुरायला खणलेली माती वर्षानुवर्षं वेगळी दिसते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? पट्टा चौथ्या गावात संपला. तिथे टाकीचा गोल ठिपका, शेजारी आवार, आवाराला लागून लांबट इमारत. टाकीच्या सावलीतले सहा पायही जुळले. चाळीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तिनं ठिकाण टाकलं आणि हात धुवायला गेली. परत येईपर्यंत तीनशे लोकांनी वाहवा केली होती. संध्याकाळपर्यंत आकडा नऊ हजारांवर गेला. कुणी लिहिलं, या बाई कोण आहेत, यांना सलाम. नवऱ्यानं दुकानात चार गिऱ्हाइकांना दाखवलं. मुलीनं शाळेत मैत्रिणींना सांगितलं. एकोणीस वर्षांत ऑफिसनं जे केलं नाही ते अनोळखी लोकांनी एका दुपारीत केलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पेन्सिलीला टोक करत होती, तेव्हा मैत्रीण मोबाइल घेऊन टेबलाशी आली. तिनं तो पुढे धरला. वरून काढलेला फोटो होता. टाकीचे दोनच पाय उभे होते. आवाराच्या जागी काळा खड्डा, लांबट इमारतीचं छप्पर उडालेलं. खाली लिहिलं होतं, अकरा शिपाई आणि त्यांचा स्वयंपाक करणाऱ्या गावातल्या दोन बायका. आणि त्याखाली अभिनंदनांचा पाऊस. नकाशेबाई, तुमचाच नेम. नकाशेबाई, जिंकलात.

 पोस्ट काढून टाकायला तिनं मोबाइल उघडला आणि काढलीही. पण त्या पोस्टचे फोटो काढून लोकांनी ते कधीच जगभर फिरवले होते. ती काढणार तरी कुठून कुठून?

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. बसली की उठायची, उठली की बसायची. एका रस्त्याचा नकाशा तिनं उलट्या बाजूनं काढला. इंजिनिअरनं आश्चर्यानं तिच्याकडे पाहिलं. असं कधीच झालं नव्हतं. घरी दूध उतू गेलं तरी तिचं लक्ष मोबाइलमध्ये. ग्रुपमध्ये तिनं एकदाच विचारलं, हे आपल्यामुळे झालं का? एकानं लिहिलं, अर्थातच, अभिमान बाळगा. दुसऱ्यानं लिहिलं, बाई, सैन्याकडे स्वतःचे उपग्रह असतात, त्यांना तुमची गरज नाही, उगाच स्वतःला मोठं समजू नका. ती दोन्ही उत्तरं पुन्हा पुन्हा वाचत राहिली. आणि यातलं कुठलं खरं निघालेलं आपल्याला हवंय, हेच तिला कळेना.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला की युद्धात हे व्हायचंच, त्या लोकांनीही काही कमी केलेलं नाही, आणि तिनं बटण थोडंच दाबलं होतं? मग म्हणाला, बंद कर तो मोबाइल. आणि स्वतःचा उघडून बसला.

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हातातली जुडी बाजूला ठेवून त्यांनी विचारलं,

“तो दाढी करणारा होता का गं त्यात?”

“माहीत नाही, आई.”

“मग आधी ते बघ.”

कुणीतरी काम सांगितलं म्हणून तिला जरा बरं वाटलं. ती कामाला लागली. त्या बाजूच्या गावोगावच्या पानांवर मेलेल्यांचे फोटो येत. भाषा कळत नसे, यंत्र जमेल तसं भाषांतर करून दाखवी. ती फक्त चेहरे बघायची. टक्कल, जाड भुवया. आठ दिवस तिनं डोळ्यांत तेल घालून पाहिलं. त्या गावाचं नाव आणि हल्ल्याची तारीख असलेले सात शिपाई सापडले, त्यांत तो नव्हता. स्वयंपाक करणाऱ्या बायकांपैकी एकीचा फोटो मात्र सापडला. ती कुठल्याशा समारंभाला नवी कोरी चप्पल घालून उभी होती आणि चप्पल चावत असावी, असा एक पाय जरा उचललेला. नकाशेबाईनं मोबाइल पालथा ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. सासूबाईंनी नंतर विचारलं, तेव्हा तिनं शिपायाचं सांगितलं, बाईचं नाही.

ग्रुप सोडायचा, असं तिनं दहादा ठरवलं. पण सोडला तर पुढे काय चाललंय ते कळणार नाही, या विचारानं जीव टांगणीला लागायचा. ती राहिली. फक्त बघत राहिली, बोटाला लगाम घालून.

मग मंगळवारी दुपारी नवा व्हिडिओ आला. एका पुलाखाली ट्रक उभे, शेजारी शिपाई आणि त्यांच्यातच गाठोडी घेतलेली काही साधी माणसं. लोक लिहायला लागले, नकाशेबाई कुठे आहेत? बोलवा त्यांना. तिनं एकदाच पाहिलं. पुलाच्या कडेनं गेलेला जाड पाइप आणि त्याची दोन वळणं तिला लगेच दिसली. नकाशा उघडायचीसुद्धा गरज नव्हती, नदी तीच होती. तिच्या मनात आलं, दुसरंच एखादं गाव टाकावं, सगळे चकतील. मग त्या दुसऱ्या गावातली माणसं डोळ्यांसमोर आली. तिनं हात मागे घेतला.

ती गप्प राहिली, तरी वीस मिनिटांत एकानं बरोबर ठिकाण टाकलं. कुणी निवृत्त पोस्टमन होता, तिसऱ्याच देशातला. कबुतरं पाळायचा, त्याच्या पानावर तेच फोटो होते. नकाशेबाईनं त्याला खासगीत लिहिलं,

“कृपा करून ते काढून टाका.”

त्यानं विचारलं, का, चुकलंय का?

“नाही. बरोबर आहे म्हणूनच.”

त्यावर तो चिडला. शत्रूची बाजू घेता का, म्हणाला. आधी तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला. तिनं उलट उत्तर दिलं नाही. सहा पायांच्या टाकीपासून चपलेपर्यंत सगळं लिहून काढलं, तोडक्यामोडक्या वाक्यांत, यंत्राच्या भरवशावर. नवऱ्यालाही एवढं सांगितलं नव्हतं. समोर इंजिनिअर येऊन उभा राहिला, त्याला तिनं दहा मिनिटं थांबा म्हटलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच.

 ऑफिस सुटायच्या सुमाराला पोस्टमननं पोस्ट काढली. तोवर ती चार हजार लोकांनी पाहिली होती. त्यानं एकच ओळ लिहिली, “काढली. आता उपयोग आहे की नाही, देव जाणे.”

बुधवारी पुलाची काही बातमी आली नाही. गुरुवारीही नाही. त्या पोस्टमुळे काही घडलं नाही, की काढल्यामुळे टळलं, की कुणी तिकडे पाहिलंच नाही, हे तिला कोण सांगणार होतं? शुक्रवारी पोस्टमनचा संदेश आला. तोही रोज बघतोय, त्यानं लिहिलं होतं, कबुतरांना दाणे टाकायच्या आधी. आणि तिला विचारलं होतं, तुमच्याकडे काही कळलं का?

तिनं लिहिलं, अजून नाही. मग पाइपलाइनचा कागद पुढे ओढला, एक रेघ मारली आणि पुन्हा मोबाइल हातात घेतला.