मास्तरांनी न बोललेला सामना

रविवारची भर दुपार. रीवासच्या बेसबॉलच्या मैदानावर नऊपैकी सातवा डाव संपला तसे लोक एकाएकी गप्प झाले आणि वर रेडिओच्या खोलीत सामना सांगणारा फर्मीन ओबांदो माइकजवळ सरकला. रीवासचा चेंडू फेकणारा, पिचर नोर्मान, याने समोरच्या संघाला अजून एकही हिट, म्हणजे सुखरूप तळ गाठून देणारा फटका, मारू दिली नव्हती. शेवटचे दोन डाव असेच गेले की त्याचं नाव देशभर होणार होतं.

पण असं चालू असताना ते तोंडातून काढायचं नाही, दृष्ट लागते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. संघातले सोबतीसुद्धा नोर्मानच्या शेजारी बसत नव्हते. फर्मीनने रेडिओवर उभा जन्म घसा फोडला, पण असा सामना त्याच्या वाट्याला कधी आला नव्हता. याचा शेवट आपल्या आवाजात जावा, मग खुशाल घरी बसवा, एवढंच त्याचं मागणं होतं.

जाहिरात लागताच स्टेशनचा मालक ओर्लांदो आत घुसला.

"मास्तर, सांगून टाका की लोकांना! आत्ता रेडिओ लावणाऱ्याला काय स्वप्न पडणारे?"

"समजणारे समजतात."

"समजणारे म्हणजे चार म्हातारे. बाकीचे दुसरं स्टेशन लावतात."

"माझ्या तोंडाने त्या पोराचं वाटोळं करू?"

"मग उठा. यादर, बस तू."

शेजारी बसणाऱ्या यादरला सामने सांगायला फर्मीननेच तयार केलेलं. तो जरा घुटमळला. "मास्तर, तुम्हीच बोला ना. मला कशाला पापात ढकलता?" असं म्हणत म्हणत खुर्चीत बसलासुद्धा. आणि पहिल्याच वाक्यात सगळं बोलून मोकळा झाला.

"आता बघ मजा, गाढवा," भिंतीला टेकून फर्मीन पुटपुटला.

आठवा डाव गेला. हिट नाही. नवव्यात तिघांपैकी दोघे बाद झाले तेव्हा फर्मीनच्या मनात आलं, मारा रे, एक तरी मारा कुणीतरी. नोर्मानच्या बापाचे सामनेही त्यानेच सांगितले होते. तरी तो देवाकडे हेच मागत होता, आणि मागताना त्याला लाजही वाटत नव्हती.

शेवटचा चेंडू उंच उडाला आणि अलगद झेलला गेला. यादर किंचाळला, रडला. ओर्लांदोने त्याला उचलूनच घेतलं. दृष्टबिष्ट काही लागली नाही. आता रीवासात जन्मभर यादरचाच आवाज वाजणार होता.

थोड्या वेळाने सोबत्यांनी ओतलेल्या पाण्याने निथळणारा नोर्मान जिना चढून वर आला तो थेट फर्मीनच्या गळ्यात पडला.

"मास्तर, तुमच्यामुळे झालं! खाली सगळे घाबरले होते. मी म्हटलं, वर आपले मास्तर बसलेत, ते मेले तरी तोंड उघडायचे नाहीत."

यादरने मान खाली घातली. फर्मीनने नोर्मानच्या ओल्या पाठीवर थाप मारली.

"नाही उघडलं रे बाबा," तो म्हणाला. त्या घडीला त्याला ओर्लांदोपेक्षाही गळ्यात पडलेल्या या पोराचा जास्त राग आला होता.