कोपऱ्यातलं टेबल

तपासणीला आलेल्या गौतमीनं किरणोत्सर्ग मोजायचं मीटर टेबलावरून सावकाश फिरवलं आणि कोपऱ्याशी येताच ते कटकट वाजायला लागलं. शिरूरच्या कॉलेजातली सगळी लॅब तपासून झाली, तोवर हूं की चूं नव्हतं. प्रयोगासाठीच्या किरणोत्सर्गी पदार्थाची डबीही तिनं आधीच तपासली होती, गळती नव्हती.

हौसरावमामा टेबल झाकून उभे राहिले. चौतीस वर्षं ही लॅब सांभाळलेले, येत्या शुक्रवारी रिटायर होणारे. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

"मामा, सरा जरा."

"तिथं काय न्हाई, मॅडम."

"मॅडम कसली? निमोण्याची गौतमी मी, इथंच शिकलेली."

मामा सरले. खालच्या खणात गॅसबत्तीच्या मेंटलची, म्हणजे पेटणाऱ्या जाळीची, जुनी पाकिटं निघाली. मीटरनं नुसता कल्लोळ केला. त्या मेंटलमध्ये किरणोत्सर्गी थोरियम असायचं; जळून उरलेली राख टेबलाच्या भेगेत बसली होती.

"लोडशेडिंगमधली हायेत," मामा म्हणाले. "लॅबमधी बत्ती लावायची न्हाई, असा नियम व्हता. पोरांस्नी काय अपाय न्हाई ना झाला?"

"नाही हो. एवढ्यानं काही होत नाही. पण लिहावं लागेल."

"लिव्हा. जाता जाता डाग लागंल, लागू द्या. माझ्यापायी खोटं नगा लिव्हू."

गौतमीला कॉलेजातले दिवस आठवले. हिवाळ्यात सहालाच अंधार पडायचा, निमोण्याची एसटी साडेसातला. घरी एक खोली आणि सहा माणसं. मामा तिच्या अभ्यासासाठी याच टेबलावरच्या हुकाला बत्ती टांगायचे, पंप मारायचे आणि दाराशी स्टुलावर जाऊन बसायचे. 'कर निवांत, मी हाय हितं.' मेंटल फुटलं की वहीवरची राख तेच झटकायचे. तेवढं निवांतपण तिला पुढे कुठल्याच ऑफिसात मिळालं नाही.

हातमोजे घालून तिनं भेग ओल्या फडक्यानं दोनदा पुसली. पाकिटं पिशवीत बंद करून बाहेर नेऊन ठेवली. मीटर गप्प झालं. मग ती फॉर्म घेऊन त्याच टेबलाशी बसली. कारण : गॅसबत्तीची राख. बत्ती कुणासाठी लावली, असा रकाना फॉर्ममध्ये नव्हता. तिनं शेऱ्यात लिहिलं.

मामांनी चष्मा लावून वाचलं.

"आगं, हितं तुजं नाव! तुज्या नोकरीवर येईल की."

"खोटं लिहू नका म्हणालात ना?"

मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग स्टूल ओढत दाराशी घेऊन गेले आणि बसले.

"भर निवांत," ते म्हणाले. "मी हाय हितं."