मी उशिरा वाजलो

काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं हे पिवळं प्लास्टिक बोलतंय म्हणून दचकू नका. मी गॅस ओळखणारं यंत्र आहे. तेलाची विहीर खणणाऱ्या माणसाच्या कॉलरला चिमट्याने बसायचं आणि हायड्रोजन सल्फाइड आला की किंचाळायचं, एवढ्यासाठी मला जन्माला घातलं.

हा वायू महालबाड. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की तो नाकच बधिर करतो. वास जातो आणि माणसाला वाटतं, गेली एकदाची घाण. तशी रिगवर, म्हणजे भर समुद्रात विहीर खणायच्या फलाटावर, काळजी खूप घेतात. खोदताना विहिरीत जड चिखल सोडून वायूला खाली दाबून ठेवतात, त्या चिखलात औषधं मिसळतात, वारा कुठून येतोय ते बघायला कापडी नळा टांगतात. हे सगळं हुकलं तर शेवटी मी.

दर सहा महिन्यांनी आम्ही अंधेरीला, साकीनाक्याच्या एका गाळ्यात तपासणीला येतो. तिथे रश्मी काम करते. मुलुंडची आहे, हात धुतल्याशिवाय डब्याला शिवत नाही. आमच्या तोंडाला नळी लावून ती डबीतला गॅस सोडते आणि पुटपुटत सेकंद मोजते. तीसच्या आत वाजलो तर हिरवा स्टिकर, नाहीतर लाल.

दुसऱ्या वर्षी खारं वारं आणि ऊन खाऊन माझं आतलं नाक थकलं. रश्मीने तीसपर्यंत मोजलं, मी गप्प. ती लाल स्टिकर काढत होती तेवढ्यात गाळ्याचे मालक, देवदत्त सर, आले.

"रश्मी, बत्तीस नग सांगितलेत. एकतीसच कसे? उद्या सकाळी जुहूहून हेलिकॉप्टर आहे."

"सर, हा स्लो आहे. तीसमध्ये वाजत नाही."

"वाजतो ना पण?"

"वाजेल, वेळाने."

"मग झालं तर! डबीत प्रेशर नसेल. लाव हिरवा, पुढच्या खेपेला बघू."

रश्मीने लाल स्टिकर परत ठेवला. मग तिने हिरवा लावला. तेव्हा मला तिचा राग आला नाही. आता येतो.

रिगवर मी नितेशच्या वाट्याला आलो. घाटकोपरचा पोरगेला गडी, तिथे चाळीत त्याची बायको दीप्ती आणि आई. बाकीचे लोक आम्हाला खिशात कोंबतात, नितेश मात्र मला कॉलरलाच लावायचा, नाकापासून वीतभर. खरं तर रोज सकाळी गॅस देऊन आम्हाला तपासायचा नियम आहे. पण तिथली डबी संपली होती, नवी पुढच्या बोटीने येणार होती. म्हणून नितेश मला नुसती टिचकी मारायचा. "काय रे, जागा आहेस ना?"

फोनवर दीप्तीचं रोजचं ठरलेलं, "तुझं ते पिवळं लावलंस ना?"

"लावलंय गं बाई. तुझ्यासारखं नाही ते, गप्प बसतं!"

एका दुपारी जेवण झाल्यावर नितेश चिखल गाळायच्या जाळीपाशी वाकून नमुना घेत होता. विहिरीतून वर आलेल्या चिखलाबरोबर वायूही आला. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खालूनच सरपटत राहिला आणि वर खांबावर बसवलेल्या, गॅस ओळखणाऱ्या मोठ्या यंत्राला त्याचा पत्ताच लागला नाही. नितेशने नाक मुरडलं. लगेच माझ्याकडे पाहिलं. मी शून्य दाखवत होतो.

"काही नाही," असं स्वतःशी म्हणत तो पुन्हा वाकला. मग त्याला वास यायचा थांबला. मास्क सहा पावलांवर होता.

माझा आकडा चढत होता. दोन, चार, पाच. दहा झाल्याशिवाय मला ओरडता येत नाही. मी तळमळत वाट बघत होतो. वाजलो तेव्हा नितेश जाळीखाली पडला होता आणि वरचा भोंगाही सुरू झाला होता. माणसं मास्क लावून धावली. विहीर बंद केली. सगळे वारा येतो त्या बाजूला जमले आणि डोकी मोजली. एक कमी भरलं.

नितेश गेल्यावर पंधरा दिवसांनी मला त्याच गाळ्यात चौकशीसाठी आणलं. एक साहेब होते, दीप्ती होती. रश्मीने नळी लावली आणि मोजू लागली. तीस झाले. तिचा हात गॅस बंद करायला गेला.

"राहू दे, राहू दे," देवदत्त सर म्हणाले. "नीट पोचू दे त्याला."

साहेब मोबाईल बघत होते. मी ठरवलं होतं, आज वाजायचं नाही. एकदा तरी खरं सांगायचं. पण ते माझ्या हातात कुठे आहे? आकडा दहावर गेला की मी वाजतोच. दोन मिनिटांनी मी खणखणीत वाजलो.

"उपकरण चालू," साहेबांनी लिहिलं. "कामगाराने अलार्मकडे दुर्लक्ष केलं."

रश्मीचे ओठ हलले. देवदत्त सरांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती डबीचं झाकण लावत बसली.

दीप्तीने मला हातात घेतलं. "म्हणजे हा वाजला होता?"

"हो ताई. त्याच्या आत नोंदपण आहे," देवदत्त सर म्हणाले.

इतके दिवस ती बिचारी सगळ्या कंपनीशी भांडत होती, माझा नवरा निष्काळजी नव्हता म्हणून. आता ती खुर्चीत मटकन बसली. "मग ऐकलं का नाहीस रे नितेश? रोज सांगत होते ना मी तुला?" असं म्हणत ती त्याच्यावरच चिडून रडायला लागली. मी तिच्या मुठीत होतो, आणि मला एक शब्द बोलता आला नाही.

'चालू' ठरल्यामुळे मला नवा हिरवा स्टिकर मिळालाय. उद्याच्या खोक्यात मीही आहे. जो कुणी मला कॉलरला लावशील, बाबा रे, मी गप्प आहे म्हणून हवा चांगली आहे असं धरू नकोस. जरा जरी वास आला तर माझ्याकडे बघत बसू नकोस, मास्क लाव आणि पळ. पण हे तुझ्यापर्यंत पोचवणार कोण? जिला माहीत आहे ती रश्मी खोक्याला टेप लावतेय, आणि तिला साडेपाचची बस गाठायची आहे.