खालचा थर

"या घरातली ढेकळंसुद्धा हट्टी," आई पुटपुटली. वॉकर पुढ्यात धरून ती पलंगाच्या कडेला बसली होती. तिची नजर व्हरांड्यातल्या दोन प्लास्टिकच्या टबांवर होती. "कालपासून पाण्यात पडलीत. माणूस असतं तर निदान सुरकुतलं तरी असतं."

थोरलीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आईच्या पायांत सपाता सरकवल्या.

"पहिल्या टबात कशी खीर झालीय मातीची," आई पुढे म्हणाली. "या दुसऱ्यातलीच अशी का, म्हणते मी."

"आई, सपाता नीट घाल."

"घातल्यात गं. मी फक्त म्हणाले."

आई काही फक्त म्हणत नसते, हे थोरलीला चांगलं ठाऊक होतं. टबातली ती ढेकळं का विरघळत नाहीत, हे आईलाही ठाऊक होतं, थोरलीच्या नवऱ्यालाही होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त धाकट्या बहिणीला. आणि थोरलीचं हे घर बांधलं होतं धाकटीनं.

घर मातीचं होतं. भाजलेल्या विटांचं नाही, नुसत्या कच्च्या मातीचं. चाळलेली, जेमतेम ओलसर केलेली माती फळ्यांच्या साच्यात घालायची आणि धुम्मसानं ठोकठोकून दगडासारखी घट्ट बसवायची. एक थर झाला की त्यावर दुसरा. साचा काढला की भिंतीवर आडव्या रेघा दिसतात, वयस्क माणसाच्या कपाळावर असतात तशा. धाकटीला हे कुणी शिकवलं नव्हतं. लोकांच्या कामांवर फुकट राबून आणि स्वतःच्या भिंती स्वतःच पाडून ती शिकली होती. आता तिचं स्वतःचं छोटं केंद्र होतं, विद्यार्थी होते, आणि ती सगळ्यांना सांगायची, "सिमेंटची भिंत पाडली की राडारोडा उरतो. माझी भिंत पाडली की माती उरते. भिजवा आणि परत बांधा."

कमरेच्या शस्त्रक्रियेनंतर आई इथे राहायला आली. न्हाणीघर तिच्या खोलीच्या भिंतीपलीकडेच होतं, पण जायचं तर स्वयंपाकघराला वळसा घालून. म्हणून त्या भिंतीत दार काढायचं ठरलं. धाकटीला तर आनंदच झाला. दाराची जी माती निघेल ती भिजवून त्याच मातीचा आईला टेकायला ओटा करायचा, तोही विद्यार्थ्यांच्या हातून. आज दुपारी ते यायचे होते. काल मिस्त्रीनं भिंत कापली, वरची माती एका टबात, खालची दुसऱ्यात भिजत घातली, आणि धाकटी खुशीत घरी गेली. वरची माती तासाभरात विरघळली. खालची नाही.

खालच्या थरांत सिमेंट होतं. ते घालायला थोरलीनं सांगितलं होतं.

बांधकाम चालू असताना धाकटी काही दिवस दुसऱ्या कामावर गेली होती. न्हाणीघराचे पाईप भिंतीलगत बसत होते. थोरली तिथे उभी राहून बघत होती. धाकटीची पहिलीवहिली भिंत तिला आठवली, आईच्या परसातली. एकाच पावसात त्या भिंतीनं बसकण मारली होती. सगळं घर हसलं, सगळ्यांत जास्त थोरली हसली, आणि धाकटीचं नाव 'चिखलू' पडलं ते कायमचं. थोरलीनं मिस्त्रीला बाजूला घेतलं. "खालच्या थरांत थोडं सिमेंट जाऊ द्या."

"मॅडमना विचारून?"

"घर माझं आहे," थोरली म्हणाली. हे वाक्य तिला अजून अधूनमधून स्वतःच्या आवाजात ऐकू यायचं, भांडी घासताना वगैरे.

धाकटी परत आली तेव्हा तिनं त्या थरांवर तळवा फिरवला. "ताई, खालचा थर काय बसलाय बघ. मी असते तर मलाही इतका जमला नसता." तेव्हापासून कुणीही घर बघायला आलं की ती त्यांना वाकायला लावून त्याच थराला हात लावायला लावायची. आणि प्रत्येक वेळी थोरलीला चहाची आठवण व्हायची आणि ती आत जायची. लोकांना वाटायचं, बाई फार अगत्यशील आहे.

गंमत म्हणजे घराच्या बाकी भिंतींत सिमेंटचा कणही नव्हता, आणि त्यांचा कोपरासुद्धा झडला नव्हता.

आईला न्हाणीघरातून परत आणून थोरली व्हरांड्यात आली, तर नवरा दुसऱ्या टबाशी उकिडवा बसलेला. बाह्या वर, हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले. ढेकळं गायब होती. टबात छान मऊ, काळसर चिखल होता.

"अहो, हे काय केलंत?"

"मिटवलं," तो हळूच म्हणाला. "ढेकळं मागे टाकली, पत्र्याखाली. टबात बागेतली माती घातली. वाफ्यातली, भुसभुशीत. आता कोण ओळखणार? माती ती माती."

"रंग बघितलात का?"

"ओली आहे ना, ओली माती काळीच दिसते." त्यानं शर्टाला हात पुसले आणि मग शर्टाकडे बघितलं. "तूच रात्रभर कूस बदलत होतीस. म्हटलं, आपण काहीतरी करावं."

थोरलीला त्याच्यावर रागवायचं होतं. पण खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. ती काही बोलायच्या आत फाटक वाजलं.

धाकटी आली, मागून थैली घेऊन मिस्त्री. ती पायातलं न काढताच टबांकडे गेली. पहिल्या टबात बोटं बुडवून बघितली, मान डोलावली. दुसऱ्यात हात घातला आणि तो बराच वेळ आतच ठेवला. मग हात बाहेर काढून तळवा उघडला. तळव्यावर एक गांडूळ वळवळत होतं.

तिनं तो तळवा थोरलीच्या नवऱ्यापुढे धरला.

"भावोजी," धाकटी म्हणाली, "ठोकलेल्या भिंतीत हे इतकी वर्षं काय खात होतं?"

"निसर्ग आहे," नवरा म्हणाला. "कुठूनही येतो."

"आणि हे मूळ? हे पान?" तिनं चिमटीत एकेक धरून दाखवलं. "वरची बागेची माती भिंतीत घालायचीच नसते, भावोजी. कुजते ती. पहिल्या दिवशी मी मुलांना हेच शिकवते." तिनं गांडूळ जपून कुंडीत सोडलं. "खालची ढेकळं कुठे आहेत?"

नवऱ्यानं थोरलीकडे बघितलं. थोरलीनं जमिनीकडे. खोलीतून आई म्हणाली, "मागे, पत्र्याखाली. घमेल्याचा आवाज आला मला मघाशी. कंबर मोडलीय माझी, कान नाही."

धाकटी मागे गेली आणि एक ढेकूळ घेऊन आली. ते पायरीवर आपटलं, तुटलेली बाजू उजेडात धरली. तांबड्या मातीत राखी झाक होती. एकदा दिसली की मग तेवढीच दिसत होती. ती पायरीवर बसली.

"सिमेंट," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी सगळ्यांना या थराला हात लावायला लावलाय."

तिनं मान वर केली. "मिस्त्री, तेव्हा तुम्ही होतात ना इथे?"

"होतो."

"मग?"

मिस्त्रीनं थैलीचा बंद बोटाभोवती गुंडाळला, सोडला. थोरलीकडे त्यानं बघितलं नाही. इतकं ठरवून बघितलं नाही की थोरलीला ते अंगावर आल्यासारखं वाटलं.

"चुकलं माझं, मॅडम."

"चुकलं म्हणजे? हात चुकून सिमेंटच्या पोत्यात गेला?" धाकटीनं ढेकूळ त्याच्यापुढे धरलं. "माझ्या पहिल्या कामापासून तुम्ही आहात. दुपारी मुलं आली की मी त्यांना खरं ते सांगणार. मिस्त्रीनं मला न विचारता घातलं म्हणून. आणि उद्यापासून तुम्ही येऊ नका."

मिस्त्रीनं मान हलवली. वाकून थापी उचलली, थैलीत ठेवली. मग ओळंबा, त्याची दोरी नीट गुंडाळून.

"चहा टाकू का?" नवरा म्हणाला.

"टाका," आई आतून म्हणाली. "ढेकूळ चहात विरघळतं का तेही बघू."

थोरली खांबाला टेकून उभी होती. मिस्त्री फाटकापर्यंत जाईल, कडी लावेल, आणि संपलं. कुणी काही विचारणार नाही. आई मरेपर्यंत फक्त म्हणत राहील. आणि घर बघायला कुणी आलं की चहाला आत पळायचीही गरज उरणार नाही, कारण या थराला आता कुणी हात लावणार नाही. हे सगळं तिला एकदम, स्पष्ट दिसलं, आणि मिस्त्रीच्या पाठीवर घामाचा डाग दिसला.

"मिस्त्री, थैली खाली ठेवा," ती म्हणाली.

तो थांबला.

"मी सांगितलं होतं त्यांना. तुला सांगू नका, असंही मीच म्हणाले."

धाकटी तिच्याकडे वळली. हातातलं ढेकूळ तिनं मांडीवर घेतलं, तान्हं मूल घ्यावं तसं.

"पाईपांमुळे ना?" ती म्हणाली. "न्हाणीघराचं पाणी, भिंतीलगत पाईप. कुणीही घाबरेल, ताई. त्याचीच भीती वाटली ना तुला?"

ती इतक्या मायेनं विचारत होती की नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. नवऱ्यानं सुद्धा आशेनं मान हलवायला सुरुवात केली होती. आईचा वॉकर आत सरकला आणि थांबला.

थोरली खाली उतरली आणि तिच्याशेजारी पायरीवर बसली.

"नाही गं," ती म्हणाली. "पाईपांचं नाही. सगळ्यांसमोर मी म्हणाले होते ना, माझं घर चिखलूच बांधणार, आणि तू दाराआड जाऊन आनंदानं रडलीस. तेव्हासुद्धा मला वाटत होतं, हे तुला जमणार नाही."