हास्कनं दोर सोडला

फेंग लोर आमच्या टेबलावर आला तेव्हा नोव्हेंबर अर्धा सरला होता, आणि पहिल्या तासभरात तो मला आवडलाही होता. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी जे केलं ते ऐकून कुणाला वाटेल, तो माणूसच तसा असणार. तो तसा नव्हता.

त्याच्याआधी आम्ही तिघंच होतो, नऊ वर्षं. व्हर्ना कुबियाक अमेरिकेतल्या आमच्या वॉसॉ गावात शाळेची बस चालवते. शनिवारी दुपारी दोनला तिच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही बोलून गोष्ट रचायचा फाशांचा खेळ खेळतो, आणि ती आमची सूत्रधार होते. ती प्रसंग सांगते: समोर दरी आहे, पलीकडे एक दिवा हलतोय, तुम्ही काय करता? आम्ही आपापलं पात्र काय करतं ते सांगतो, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. माझं पात्र हास्क, एका जळालेल्या गढीचा पन्नाशीतला शिलेदार. ग्लेन ऑस्टबीचं पात्र ऑर्विन, मांत्रिक. मंत्र डोंगर हलवणारे, पण जिना चढला तरी धाप लागते. त्यामुळे नऊ वर्षं हास्क पुढे आणि ऑर्विन त्याच्या ढालीच्या आड.

ग्लेन आणि मी सातवीपासूनचे मित्र. माझी बायको सोडून गेली त्या वर्षी मी मिलमधून घरी आणि घरातून मिलमध्ये, एवढाच उरलो होतो. शनिवारी ग्लेन येऊन दारात हॉर्न वाजवायचा आणि मी बाहेर पडेपर्यंत वाजवत राहायचा. शेजारीण वैतागायची. त्या हॉर्नमुळे मी टिकलो असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

फेंगला ग्लेननंच आणलं. दोघं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एका पाळीला असतात. फेंग तिशीच्या आतला. पहिल्या दिवशी आईच्या हातची सारण भरलेल्या तांदळाच्या गुंडाळ्या डबाभर घेऊन आला, आणि व्हर्नाच्या चीजच्या पदार्थाकडे कुणी बघितलंच नाही. त्याचं पात्र होतं मिरेल, एकोणीस वर्षांची चोर, तोंडानं फटकळ. फेंग तिचं बोलायला लागला की आवाज बदलायचा नाही, पण मान अशी काही तिरकी करायचा की समोर खरंच एक आगाऊ पोरगी बसली आहे असं वाटायचं.

तिसऱ्या शनिवारी आम्ही एका वेशीपाशी अडलो. हास्क नेहमीप्रमाणे म्हणाला, दार फोडू. मिरेल म्हणाली, "थांबा काका, दार फोडायला ते आपलं आहे का?" आणि पहारेकऱ्यासमोर जाऊन, आपण जकात अधिकाऱ्याची भाची आहोत, मामांचं पोट बिघडलंय, आत जाऊ दे नाहीतर इथेच काहीतरी होईल, असं काही लावलं की व्हर्ना डोळे पुसत हसली. दार उघडलं. ग्लेन म्हणाला, "ऑर्विन मिरेलच्या शेजारून चालतो."

नऊ वर्षांत ऑर्विन कुणाच्या शेजारून चालला नव्हता. माझ्या मागून चालायचा.

तेव्हापासून मी मोजायला लागलो. ग्लेन फेंगच्या वाक्याला किती वेळा हसला, माझ्या किती. कॉफी ओतताना आधी कुणाचा कप भरला. फेंग मला तुम्ही म्हणायचा आणि ग्लेनला अरे ग्लेन, तेही मला खुपायचं. लॅबमधल्या कुठल्या तरी डॉक्टरची नक्कल ते दोघं करायचे. नुसतं "नमुना कुठाय?" म्हटलं की दोघंही हसत सुटायचे. मी बशीतला खिमा चिवडत बसायचो.

तोंडानं मी काही बोललो नाही. बोलला हास्क. हास्कचा चोरांवर विश्वास नाही, असं मी जाहीर केलं. मुक्कामात अवघड पहारा मिरेलला. बाण आले की ढाल ऑर्विनपुढे, मिरेलपुढे नाही. तिनं काही सुचवलं की हास्क म्हणणार, "पोरीचं ऐकून मरायचंय का?" फेंगला आधी ते आवडलं. "छान, भांडण रंगतंय," म्हणाला. त्याला लागत नाही म्हणून मी आणखी जळलो. व्हर्ना माझ्याकडे चष्म्यावरून बघायची.

जानेवारीतल्या एका शनिवारी खेळ सुरू व्हायच्या आधी ग्लेननं व्हर्नाला फोनवर फोटो दाखवले. गोठलेलं तळं, बर्फाला पाडलेलं भोक, आणि हातभर मासा धरून उभा फेंग.

"कधी गेलात?" मी विचारलं.

"गेल्या रविवारी. त्याच्या आधीच्याही."

"मला बोलला नाहीस."

"तुम्हाला थंडी सोसत नाही ना?" फेंग म्हणाला. "ग्लेन म्हणत होता."

म्हणजे माझ्या पाठीमागे माझ्या थंडीची चर्चा झाली होती. मी हसल्यासारखं केलं आणि फासे काढले.

त्या दुपारी आम्ही एका कोरड्या विहिरीपाशी होतो. खाली कोनाड्यात काहीतरी चकाकत होतं. मिरेल सगळ्यात हलकी, म्हणून तिनं उतरायचं ठरलं, आणि हास्कमध्ये ताकद, म्हणून दोर त्याच्या हातात. फेंगनं दोनदा फासे टाकले, दोन्ही वेळा चांगले पडले. मिरेल अर्ध्यावर पोचली.

"हास्क दोर सोडतो," मी म्हणालो.

ग्लेनला गंमत वाटली. "म्हणजे? हात सुटला त्याचा?"

"सुटला नाही. त्यानं सोडला."

फेंगच्या मुठीत फासा होता, तो त्यानं टाकला नाही.

"फासे खाली ठेवा," व्हर्ना म्हणाली. "सगळ्यांनी. माझ्या टेबलाचा एक नियम आहे. नऊ वर्षांत कधी लागला नाही म्हणून तुम्हाला माहीत नाही. एका पात्रानं दुसऱ्याला काही केलं, तर पुढे काय झालं ते ज्याला केलं तो ठरवणार. फासे नाही, मी नाही. आणि त्याला नको असेल तर ते झालंच नाही."

"मग खेळतोय कशाला?" मी म्हणालो. "हास्क असाच आहे. दोन महिने सांगतोय मी, त्याचा चोरांवर विश्वास नाही."

"हास्कला मी नऊ वर्षं बघतेय. पुरात वाहून चाललेला शत्रूचा घोडा काढायला उडी मारणारा माणूस आहे तो. दोर हास्कनं नाही सोडला, लोवेल. तू सोडलास, आणि नाव त्याचं लावतोयस."

तिनं आवाज चढवला नव्हता. बसमधल्या पोरांना सांगावं तसं सांगितलं. माझे कान तापले.

"मला एवढंच विचारायचंय," फेंग म्हणाला. मान तिरकी नव्हती, तो स्वतःच बोलत होता. "पडताना मिरेल वर बघते. तिला हास्कचा चेहरा दिसतो. कसा दिसतो?"

चेहरा कसा होता ते मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच सांगता येईना. ग्लेन माझ्याकडे बघत होता. आता तो हसत नव्हता.

"मी आज काही ठरवत नाही," फेंग म्हणाला.

मी कोट घेतला आणि निघालो. व्हर्ना नुसत्या स्वेटरवर पायरीपर्यंत आली. "पुन्हा ये," म्हणाली. "पण ग्लेनशी बोलून ये. मला सॉरी म्हणायला येऊ नकोस, मला काही झालेलं नाही."

पुढच्या शनिवारी मी गेलो नाही. दीड वाजल्यापासून खिडकीत उभा होतो. हॉर्न वाजेल असं वाटत होतं. ग्लेनचा मेसेज आला, "येतोयस?" एवढाच. मी उत्तर दिलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी मी गाडी घेऊन व्हर्नाच्या गल्लीत गेलो आणि चार घरं अलीकडे थांबलो. दारात ग्लेनचा पिकअप होता. फेंगची गाडी नव्हती. म्हणजे त्याला ग्लेन घेऊन आला होता, त्याच्या दाराशी हॉर्न वाजवून. मी सेहेचाळीस वर्षांचा माणूस, हाताखाली मिलमधली बत्तीस माणसं, आणि काचेवरची वाफ पुसून पुसून दुसऱ्याचा पिकअप बघत होतो. एक बाई कुत्रं फिरवत दोनदा माझ्या गाडीजवळून गेली. दुसऱ्या वेळी तिनं नंबर बघितला. मग मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मोजे, दोन पायजमे, वर मिलचा जाड कोट घातला आणि तळ्यावर गेलो. ग्लेनची लाकडी खोपटी मला लांबूनच ओळखू आली, कारण तिचं छप्पर आम्ही दोघांनी घातलं होतं. तो आत एकटाच होता. फेंगच्या घरी त्या दिवशी पुतणीचं बारसं का तसलं काहीतरी होतं.

"दार लाव," ग्लेन म्हणाला. "ऊब जातेय."

मी उलट्या बादलीवर बसलो. समोरच्या भोकात त्याचा गळ सोडलेला होता.

"मला बोलवायला हवं होतंस," मी म्हणालो.

"कशाला?"

"इथे. तू आणि तो येता."

ग्लेननं गळ वर घेतला, बघितला, पुन्हा सोडला. "चार हिवाळे बोलावलं तुला. पहिल्या वर्षी म्हणालास पाठ धरलीय. मग थंडी. मग पुन्हा थंडी. चौथ्या वर्षी उत्तरच दिलं नाहीस. पाचव्या वर्षी नाही विचारलं. किती विचारायचं माणसानं?"

मला यातलं एकही आठवत नव्हतं. म्हणजे आठवत होतं, पण चार वेळा असेल असं वाटलं नव्हतं.

"तरी खेळायला तर आपण..."

"खेळायला हास्क येतो," तो म्हणाला. "तू कुठे येतोस? माझे बाबा गेले मे महिन्यात. तू चर्चमध्ये आलास, हात धरलास, सँडविच खाल्लंस. त्यानंतर आजपर्यंत एकदा तरी विचारलंस, ग्लेन, कसा आहेस? आई कशी आहे? फेंगनं विचारलं. रोज विचारायचा, मशीनपाशी उभं राहून. मी काय करू? मला आवडतो तो."

बायको गेली तेव्हा मला वाटलं होतं, दुःख झालंय ते मला. ग्लेनचं काम हॉर्न वाजवायचं. त्याच्याही दारात कुणी उभं राहायला हवं, हे इतक्या वर्षांत मनात आलं नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणीसुद्धा मला आधी फेंगचाच हेवा वाटला. तो प्रश्न त्यानं विचारला, मी नाही.

"आई कशी आहे?" मी म्हणालो.

"आता विचारतोयस?"

"आता विचारतोय."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग सांगायला लागला. आई बाबांची औषधं अजून डबीत भरते. सोमवार, मंगळवार, सगळे वार. तो दर रविवारी संध्याकाळी जाऊन ती डबी रिकामी करतो. तासभर तो बोलत होता. मासा एकही लागला नाही. माझ्या पायांची बोटं बधिर झाली होती, पण मी थंडीचं नाव काढलं नाही.

शनिवारी मी पाऊणतास लवकर गेलो, तर फेंग आधीच आलेला. व्हर्ना काहीतरी आठवल्यासारखं करून तळघरात निघून गेली.

"मी तुझ्यावर जळत होतो," मी म्हणालो. हे वाक्य आठवडाभर मिलमध्ये घोकलं होतं. तोंडातून बाहेर पडताना ते फारच पोरकट वाटलं. "मिरेलनं काही केलं नव्हतं. तूही नाही. चुकलं माझं."

फेंगनं खुर्ची ओढली. "खरं सांगू? मला राग आला होता. घरी जाऊन बायकोला म्हटलं, आता नाही जायचं तिथे. मी दोन महिने त्याला खेळ समजत होतो आणि तुम्ही खरंच मारत होतात. ते वाईट वाटलं. पडल्याचं नाही."

"हो," मी म्हणालो.

"आणि जळायचं तर मी जळायला हवं. तुम्ही अर्धं वाक्य बोलता आणि ग्लेन हसतो. बाकीचं अर्धं काय होतं ते मला कधीच कळत नाही."

ग्लेन आल्यावर व्हर्नानं विचारलं, "फेंग, काय झालं विहिरीत?"

"मिरेल पडते," तो म्हणाला. "मरत नाही. पाय मोडतो. आणि हास्कनं मुद्दाम सोडला हे तिला कळलंय. ती ते विसरणार नाही. चालेल का, लोवेल?"

"चालेल."

"मग हास्क आता काय करतो?" व्हर्नानं मला विचारलं.

"खाली उतरतो. तिला पाठीवर घेतो. ती बोलत नाही, तोही बोलत नाही."

"ती बोलते," फेंग म्हणाला. मान तिरकी झाली. "ती म्हणते, काका, तुमच्या अंगाला घाण वास येतोय."

त्यानंतर दोन शनिवारांनी आमच्या टोळीला नवा म्होरक्या निवडायचा होता. ऑर्विननं मिरेलचं नाव घेतलं. ग्लेननं ते माझ्याकडे न बघता म्हटलं, आणि मला ते जसं लागायचं तसं लागलं. हास्कनं मान डोलावली. लंगडी पोर पुढे आणि म्हातारा शिलेदार शेवटी, अशी आमची रांग चालायला लागली. व्हर्नानं त्या मोडक्या पायाचं पुढे जे काही केलं त्यानं खेळ कुठल्या कुठे गेला, पण ते सांगत बसलो तर संध्याकाळ होईल.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर ग्लेननं वडिलांचं सुतारकामाचं शेड रिकामं करायला काढलं. मी आणि फेंग दोघंही गेलो. लाकूड कातायचं जुनं यंत्र तिघांनी मिळून दारापर्यंत आणलं. मी मागचं टोक धरलं होतं. पुढे ते दोघं एकमेकांना काहीतरी बोलले आणि हसत सुटले, इतके की यंत्र खाली टेकवावं लागलं. मला ते पूर्वीसारखं खुपलंच. पूर्वीचा असतो तर गप्प राहून घरी गेलो असतो.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं. त्यात हसण्यासारखं फारसं काही नव्हतं.