पुढच्या वर्षीचा यजमान

शाळांचा कैवारी संत सावा, त्याचा सण जवळ आला, की झ्लातिबोर डोंगराच्या पायथ्याच्या त्या शाळेत एकच चर्चा, पुढचा यजमान कोण? पाद्री आणि यंदाचा यजमान मिळून सणाचा गोल पाव फिरवतात, मोडतात, आणि अर्धा पाव जो पुढे होऊन घेईल, त्याच्या गळ्यात पुढच्या वर्षीचं जेवण पडतं. यंदा तो पाव मिलोये ठेकेदार घेणार, हे सगळं गाव धरून चाललं होतं. हात सैल, तोंड त्याहून सैल असा माणूस. वर शाळेला नव्या खिडक्याही देणार होता. जुन्यांतून असा वारा यायचा, की पोरं कोट घालूनच गणितं सोडवायची.

आणि नेमका प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक फुटला. फुटक्या काचांजवळ उभी होती मिलोयेची मुलगी तियाना. जीवशास्त्राच्या तरुण ओग्न्येन सरांनी काही न विचारता तिच्या वर्तणुकीवर वाईट शेरा मारला. मिलोये तडक मुख्याध्यापक स्मिल्काबाईंसमोर येऊन बसला.

"बाई, पोरीनं काही केलेलं नाही. शेरा काढा. आणि खिडक्यांची मापं घ्यायला उद्या माणूस पाठवतो," तो एका दमात म्हणाला.

"चौकशी करते. तोवर सरांचा शब्द तोच शाळेचा शब्द."

हे वाक्य बाईंचं नव्हतंच. ते आधीच्या मुख्याध्यापकांचं, वुकाशिन सरांचं. काय माणूस होता! सकाळी फाटकात उभं राहून पोरांच्या टोप्यांवरचा बर्फ झटकायचा, नावानिशी चौकशी करायचा. नोकरीत नव्या असताना बाईंनी एका पोराला कॉपीत पकडलं. बाप पोलिसातला साहेब, आरडाओरडा करत आला. "माझ्या शिक्षिकेबद्दल या फाटकाच्या आत असं बोलायचं नाही," म्हणत सरांनी त्याला वाटेला लावलं. मग दार लोटून हळूच म्हणाले, "स्मिल्का, पोरगं खरं बोलतंय. तू चुकलीस. जाऊन त्याला तसं सांग." बाई रडतच बाहेर पडल्या. सरांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. असे मुख्याध्यापक आता कुठे मिळायचे, असं बाईंना नेहमी वाटे. आता त्या खुर्चीत त्या स्वतःच होत्या, ही पंचाईत.

दुपारी आठवीतल्या दोघांनी कबूल केलं. प्रयोगशाळेत चेंडू त्यांनी नेला होता. तियाना आवाज ऐकून आत आली होती, इतकंच.

बाईंनी ओग्न्येनला बोलावलं. ऐकून तो कडवटपणे म्हणाला, "म्हणजे शेवटी खिडक्या जिंकल्या."

सगळं गाव हेच म्हणणार होतं. शेरा ठेवावा तर पोरीवर अन्याय. काढावा तर शाळा विकली गेली.

"तू वर्गासमोर तिची माफी मागायची," बाई म्हणाल्या. "खिडक्यांचं मी बघते."

त्यांनी मिलोयेला फोन लावला. "तुमची मुलगी खरं बोलत होती. चूक आमची. शेरा काढला. आता खिडक्या नकोत, आणि यंदा पावही घेऊ नका."

"म्हणजे पोरगी निर्दोष, आणि बाप गुन्हेगार?"

"शेरा आणि खिडक्या, दोन्ही गोष्टी तुम्ही एका दमात बोललात, मिलोये. आता खिडक्या घेतल्या, तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल, की तिला खिडक्यांनी सोडवलं."

त्यानं फोन आपटला. बाई खोलीत एकट्याच उरल्या. कॉपीच्या त्या दिवशी आपण रडत बाहेर पडलो, तेव्हा वुकाशिन सरही इथे असेच एकटे बसले असतील, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

सणाला पोरं गायली. पाद्रीबाबांनी यंदाच्या यजमानाबरोबर, म्हणजे बेकरीवाल्याबरोबर, पाव फिरवून मोडला आणि अर्धा उंच धरला. कुणी पुढे येईना. सगळ्यांच्या नजरा मिलोयेकडे. तो लेकीचा हात धरून भिंतीशी उभा, नजर जमिनीवर. शाळेचा पाव घ्यायला माणूस नाही, असं आजवर घडलं नव्हतं.

मग ओग्न्येन पुढे झाला. त्या दिवसापासून तो बाईंशी बोलला नव्हता.

"जेवणाला डुक्कर-बिक्कर परवडायचं नाही," त्यानं आधीच सांगून टाकलं. "घेवडा खावा लागेल."

लोक हसले. पाव घेऊन तो बाईंपाशी आला.

"मागितली माफी. वर्गासमोर. फार जड गेलं, बाई."

आज वुकाशिन सर हवे होते, एवढंच बाईंना वाटलं, आणि मुख्याध्यापक झाल्यापासून पहिल्यांदाच त्या सगळ्यांसमोर रडल्या.